दवाखान्याची जनसुनवाई घ्यायचीय, फलकावर काय लिहावं?

ओहोळकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी इथं भाताच्या वाणांवर आणि रानभाज्यांवर लिहिते. आज विषय वेगळा आहे आणि तुमची मदत हवी आहे.

आमचा भाग नाशिक जिल्ह्याचा पश्चिम पट्टा. एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली पाच उपकेंद्रं, त्यातलं एक गेली दोन वर्षं कुलूपबंद. गेल्या आवणीत, म्हणजे भातलावणीत, शेजारच्या सुनेला बांधावर साप चावला. केंद्रात नेलं तर सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या चार कुप्या शिल्लक. त्या दिल्या, १०८ बोलावली, तालुक्याला नेलं, तिथून सिव्हिलला. वाचली बिचारी. अकरा दिवसांनी घरी आली. त्या अकरा दिवसांत घरच्यांनी दोन शेळ्या विकल्या. उपचाराला पैसे पडले नाहीत, शेळ्या गेल्या जाण्यायेण्यात आणि सोबतच्या माणसांच्या जेवणात.

तेव्हापासून बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत हाच विषय निघतो. आता ठरलंय की जनसुनवाई घ्यायची. मेडिकल ऑफिसर (एमओ), तालुका आरोग्य अधिकारी (टीएचओ), जमलं तर आमदार, सगळ्यांसमोर लोकांनी बोलायचं. घोडं अडलंय फलकावर. कॉलेजची पोरं म्हणतात, ‘सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा, आमचा हक्क’ असं लिहा. बायका म्हणतात, ‘सापाचं इंजेक्शन ठेवा, उपकेंद्र उघडा’ एवढंच लिहा. पोरांना बायकांची मागणी किरकोळ वाटते, बायकांना पोरांचं वाक्य निवडणुकीतलं वाटतं.

कुणी अशी सुनवाई घेतली असेल, निदान बघितली असेल, तर सांगा. आणि फलकावर काय लिहू?

तिरपागडा
फलकावर आधी नेत्याचा फोटो लागतो ताई. मजकूर नंतर, जागा उरलीच तर.

वऱ्हाडी ठेचा
ओहोळकाठताई, हे काम आमच्याकडं झालेलं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. त्यात एक कलम होतं की सरकारी दवाखान्यावर लोकांनीच लक्ष ठेवायचं. २००७ मध्ये महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे अशा पाच जिल्ह्यांत ते सुरू झालं, पुढं आणखी जिल्हे जोडले. कागदावर नाव ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’. आमच्या गावात त्याला ‘प्रगतीपुस्तक’ म्हणत, कारण गावकरी आरोग्य केंद्राला मार्क द्यायचे. चांगलं चाललं तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, बोंब असेल तर लाल. पोराला शाळेत लाल शेरा मिळाला तर बाप कसा कावतो, तसं तिथं उलटं. बाप म्हणजे डॉक्टर खाली मान घालून बसलेला, आणि शेरा देणारी निरक्षर आजी.

पहिल्या सुनवाईत आम्ही घोडचूक केली. तयारी न करता गेलो. माइक हातात आला आणि जो तो आपलं गाऱ्हाणं सांगत सुटला. एकानं तर रस्त्याच्या ठेकेदाराला धुतलं. साहेब लोक गालात हसत होते. दुपारी जेवणाला उठले ते परत आलेच नाहीत.

दुसऱ्या वेळेस तीन आठवडे आधी गावोगाव फिरलो. कोण आजारी पडलं, कोणत्या तारखेला गेलं, कोण हजर होतं, बाहेरची चिठ्ठी दिली का, पैसे मागितले का, सगळं वहीत. बाहेरून आणलेल्या औषधाच्या पावत्या एका पिशवीत जमा केल्या. सुनवाईत एका मावशीनं ती पिशवी टेबलावर ओतली. एक शब्द बोलली नाही. त्यानंतर त्या केंद्रात बाहेरची चिठ्ठी जवळजवळ बंद झाली. म्हणून माझं म्हणणं, फलकाचं राहू द्या बाजूला, आधी पिशवी भरा.

करदाता
थोडं कडू बोलतो. महाराष्ट्रात आता प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचं विमा संरक्षण आहे. सरकारी दवाखान्यात केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. आणखी किती फुकट? जे फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही. सुनवाईत ओरडण्यापेक्षा लोकांना कार्ड काढून द्या, खरा उपयोग होईल.

कृष्णाकाठ
करदाता, कार्डाला मी नावं ठेवणार नाही. माझ्या वडिलांची बायपास त्याच योजनेत झाली, आम्हाला एक रुपया पडला नाही. ज्या आरोग्यमित्रानं कागद लावून दिले त्याला आजही दिवाळीचा फराळ जातो.

पण योजनेची चाल बघा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ पासून नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. मर्यादा दीड लाख होती ती पाच लाख करण्याचा आणि रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्या कुटुंबांना घेण्याचा निर्णय २०२३ मधला. सगळं उत्तम. मात्र ते कार्ड चालतं ठरलेल्या आजारांना, ठरलेल्या पॅकेजवर, यादीतल्या दवाखान्यात दाखल झाल्यावर. बाबांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या त्यात नाहीत, आणि त्या जन्मभराच्या आहेत. बायपासची वेळ का आली? आधीची दहा वर्षं गावातल्या केंद्रात त्या गोळ्या कधी असायच्या, कधी नसायच्या. नसल्या की बाबा म्हणायचे, पुढच्या आठवड्यात बघू. असे किती आठवडे गेले.

आणि बांधावर साप चावला तर कार्ड काढून सापाला दाखवायचं का?

तिरपागडा
सापाला आधी विचारावं लागेल, तुमचं विष आमच्या पॅकेजमध्ये बसतं का म्हणून.

सलाईन
मी साडेचार वर्षं आदिवासी भागात मेडिकल ऑफिसर होतो, आता शहरात आहे. दुसरी बाजू सांगतो, राग येईल कदाचित.

वऱ्हाडी ठेचांनी सांगितलेल्या ‘खाली मान घालून बसलेल्या बापा’च्या जागी मी बसलेलो आहे. सुनवाईत मला विचारलं, औषध का नाही? मी मागणी तीनदा नोंदवली होती, जिल्ह्याच्या भांडारातून आलंच नव्हतं. पण लोकांसमोर होतो मी. भांडार तिथं नव्हतं, खरेदी करणारे तिथं नव्हते, रिक्त पदं न भरणारे तिथं नव्हते. दोन डॉक्टरांची जागा, मी एकटा. रात्री बाळंतपण, सकाळी ओपीडी, दुपारी शाळा तपासणी, संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरा. मला त्या दिवशी लाल शेरा मिळाला. महिन्याभरात मी बदलीचा अर्ज टाकला.

त्यामुळं ताई, तुमच्या एमओला समोर उभं करण्याआधी त्याच्याबरोबर एक चहा घ्या. त्याच्याकडून मागणीपत्राची प्रत मागा. तो तुमच्या बाजूचा साक्षीदार होऊ शकतो. आरोपी केलात तर फाइल बंद करून बसेल.

आता सापाविषयी. चार कुप्या ‘शिल्लक’ होत्या असं तुम्ही लिहिलंय. विषबाधेची लक्षणं असतील तर पहिला डोसच आठ ते दहा कुप्यांचा असतो, आणि लहान मुलालाही तेवढाच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. म्हणजे नोंदवहीत ‘साठा आहे’ असं दिसतं, पण तो एका माणसालाही पुरत नाही. भुकटीच्या रूपातल्या कुपीला फ्रिजसुद्धा लागत नाही, त्यामुळं ‘वीज नसते’ हे कारण कुणी सांगितलं तर ऐकू नका. रक्त गोठतंय का ते बघायला काचेची एक स्वच्छ कोरडी परीक्षानळी आणि वीस मिनिटं पुरतात. हे सगळं प्राथमिक केंद्रात होण्यासारखं आहे.

फलकावर ‘इंजेक्शन ठेवा’ लिहिलंत तर ‘ठेवलंय की’ असं उत्तर येईल. आकडा लिहा.

ओहोळकाठ
डॉक्टर, राग कसला. चारचा अर्थ मला आज कळला. आम्ही वर्षभर म्हणतोय की ‘होतं पण कमी होतं’.

घरोघरी
मी आशा सेविका आहे. नाव-गाव सांगत नाही, समजून घ्या.

डॉक्टरसाहेबांचं बरोबर आहे, पण सुनवाई झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी आम्हाला बोलावणं येतं, ‘लोकांना तूच शिकवलंस ना?’ आम्ही गावच्या सुना, दवाखान्याच्याही सुना. दोन्हीकडून बोलणी. मोबदला कामावर, तोही तीन-तीन महिने उशिरा. २०२४ च्या थंडीत आझाद मैदानावर आम्ही किती रात्री काढल्या ते आमचं आम्हाला माहीत. तेव्हा कुठे मार्चमध्ये पाच हजारांच्या वाढीचा आदेश निघाला. तिथं एक गोष्ट शिकले. आम्ही वीस मागण्या नेल्या होत्या. पण प्रत्येक बाईला विचारलं तर ती एकच आकडा सांगायची. सगळ्यांच्या तोंडी एक आकडा असला की समोरच्याला विषय बदलता येत नाही.

ताई, एक करा. आशांना व्यासपीठावर बोलायला लावू नका. आमच्याकडची माहिती गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत रीतसर घ्या, ठराव करून. मग ते समितीचं म्हणणं होतं, आमचं नाही.

वऱ्हाडी ठेचा
घरोघरीताईंना दंडवत. हे मला सुचायला पाहिजे होतं.

सलाईन, तुमचंही मान्य. आमच्याकडं पुढं हेच झालं. गावच्या सुनवाईत सुटत नाही ते तालुक्याला, तिथं नाही तर जिल्ह्याला, आणि वर्षातून एकदा राज्याच्या अधिकाऱ्यांसमोर. औषधाचं दुखणं गावात सुटणारं नव्हतंच. तमिळनाडूनं १९९४ मध्येच औषध खरेदीला वेगळं महामंडळ काढलं. तिथं प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं, त्यात औषधांची रक्कम जमा, लागेल तसं उचला. आपल्याकडं खरेदीच्या स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा व्हायला २०२३ उजाडलं. एवढा उशीर का, हे एमओला विचारून काय उपयोग.

तारीखपेतारीख
वकिलाशिवाय धागा पूर्ण होत नाही म्हणून हजेरी लावतो. फी नाही.

‘आमचा हक्क’ हे शब्द पोरांना हवे आहेत, तर त्यामागं काय आहे ते त्यांना सांगा. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी ‘खाट नाही’, ‘यंत्र नाही’ म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगीत पैसे भरून वाचला. तो ज्या संघटनेचा सभासद होता, त्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीनं सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९९६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही. शेतमजुरांची संघटना, मजुरी आणि जमिनीसाठी उभी राहिलेली. आरोग्य हा त्यांचा ‘विषय’ नव्हताच.

राहिलं खासगीचं. आपल्या राज्यात २०२१ पासून शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक बघा. नाशिक शहरात रेफर होणाऱ्या तुमच्या लोकांना हे माहीत असावं. माहीत असलं तरी काउंटरवर भांडावं लागतं, ते वेगळं.

करदाता
एवढ्या प्रतिसादांनंतर थोडं नरम होतो. आकडा मागणं मला पटतं, त्यात हिशेब आहे. पण ‘हक्क’ म्हटलं की गोंधळ सुरू होतो. राजस्थानचं काय झालं आठवतंय ना? मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला आणि खासगी डॉक्टर रस्त्यावर. दवाखाने बंद. रुग्णांचे हाल. कायदा करून मिळवलं काय?

सलाईन
त्या संपात माझे वर्गमित्र होते, म्हणून माहीत आहे. डॉक्टरांची मुख्य शंका रास्त होती. तातडीचा रुग्ण पैसे न घेता बघायचा, मग भरपाई कोण, कधी, किती देणार? कायद्यात ते मोघम होतं. ४ एप्रिलला समझोता झाला, पन्नासपेक्षा कमी खाटांची आणि सरकारी जमीन किंवा सवलत न घेतलेली खासगी रुग्णालयं कायद्याबाहेर ठेवली. म्हणजे उरलं थोडंच.

माझं मत विचाराल तर चूक क्रमात झाली. तिथल्या आरोग्य चळवळीनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता, २०११ पासूनची मोफत औषध योजनाही लोकांच्या अंगवळणी पडली होती. पण लोकांना गोळ्या मिळायची सवय होती, कायद्याच्या बाजूनं रस्त्यावर यायची नव्हती. संप झाला तेव्हा डॉक्टरांचे मोर्चे दिसले, रुग्णांचे तेवढे दिसले नाहीत.

केळीचं पान
मी काही वर्षं बँकॉकला नोकरीला होते, तिथलं सांगते.

थायलंडचं ‘तीस बाट’ सगळ्यांना माहीत असतं. एका भेटीला तीस बाट, उपचार कितीही मोठा असो. श्रेय सहसा २००१ ला निवडून आलेल्या सरकारला देतात. पण त्यांच्या १९९७ च्या घटनेत तरतूद होती की पन्नास हजार मतदारांच्या सह्या असतील तर लोक स्वतः कायद्याचा मसुदा संसदेत देऊ शकतात. तिथल्या महिला गटांनी, शेतकऱ्यांनी, मजुरांनी, एचआयव्हीबरोबर जगणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून गावोगाव फिरून त्याहून जास्त सह्या जमवल्या. सही म्हणजे नुसती सही नाही, सोबत ओळखपत्राची प्रत लागायची. विचार करा, खेड्यात झेरॉक्स काढायला माणसाला तयार करायचं! २००२ मध्ये कायदा झाला आणि आरोग्य सुरक्षा मंडळावर लोकसंघटनांच्या प्रतिनिधींसाठी जागा राखल्या गेल्या. त्यामुळं सरकारं बदलली, लष्कर आलं, तरी योजना मोडायची कुणाची हिंमत झाली नाही.

आणि हो, त्याआधी काही दशकं त्यांनी तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधून डॉक्टर बसवले होते. दवाखाना आधीच उभा होता, कायद्यानं त्याचं दार सगळ्यांना उघडलं.

तिरपागडा
आपल्याकडं दार आहे, कुलूपही आहे, किल्ली टीएचओकडं आहे आणि टीएचओ मीटिंगला गेलेत.

गव्हाची वाट
कॅनडातून. इथं बर्फात बसून आंबेमोहोराचे धागे वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

सलाईन, क्रमाचं तुमचं वाचून इथला सस्कॅचेवान प्रांत आठवला. १९६२ मध्ये १ जुलैला तिथं सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यविमा लागू झाला आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, २३ दिवस. फरक एवढाच की तिथं लोक आधीपासून बांधलेले होते. १९१४ च्या सुमारास सार्निया नावाच्या एका ग्रामीण नगरपालिकेचा डॉक्टर गाव सोडून निघाला होता, शेतकऱ्यांनी करातून वर्षाला दीड हजार डॉलर देऊन त्याला थांबवलं. मग शेजारच्यांनी तेच केलं. गव्हाच्या सहकारी सोसायट्या, तसाच गावचा डॉक्टर. साखर कारखाना काढणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. त्यामुळं संप झाला तेव्हा लोकांनी वर्गणी काढून स्वतःचे दवाखाने उघडले, ब्रिटनहून डॉक्टर आले. सॅस्कटूनमधला त्यातला एक दवाखाना अजून चालू आहे.

इथं सगळं गोड नाही हेही सांगते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला माझ्या सासूबाई चौदा महिने थांबल्या. पण थांबल्या, शेळ्या विकल्या नाहीत.

कृष्णाकाठ
सासूबाईंकडे शेळ्या आहेत? कॅनडात? वेगळा धागा काढा.

गव्हाची वाट
नाहीत हो. मांजर आहे. तिलाच विमा नाही.

वऱ्हाडी ठेचा
विषयांतर चाललंच आहे तर एक व्यवहाराची गोष्ट. सुनवाईला जेवण ठेवू नका. साहेबांना जेवण म्हणजे सुटायला निमित्त. चहा आणि फुटाणे. आणि सुनवाई सकाळी दहाला सांगितली की लोक साडेअकराला येतात, साहेब साडेबाराला, आणि दोघंही एकमेकांना उशीर झाला म्हणून रागावतात.

अ‍ॅडमिन
पक्षांची नावं घेणारे सहा प्रतिसाद काढले आहेत. धागा चांगला चालला आहे, तसाच चालू द्या.

तिरपागडा
सहापैकी चार माझे होते. निषेध.

ओहोळकाठ
पाच आठवड्यांनी येतेय. धागा खाली गेला असेल, पण तुम्हा लोकांना सांगितल्याशिवाय बरं वाटेना.

आधी डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे एमओकडं चहाला गेलो. आम्ही सहा बायका, ते बिचारे घाबरून उठून उभेच राहिले. तरुण आहेत, परभणीकडचे. मागणीपत्रांच्या प्रती मागितल्या तर थोडा वेळ गप्प बसले, मग कपाट उघडून तीन काढून दिल्या. तिन्हींवर तारीख, तिन्ही कोऱ्या, म्हणजे पलीकडून उत्तर नाही. म्हणाले, ‘माझं नाव घेऊ नका, तारीख वाचा.’

मग पाड्यापाड्यावर फिरलो. वाचता न येणाऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता, तो एका मावशीनं सोडवला. कागदावर चित्रं काढली, दवाखाना, सिस्टर, गोळ्या, गाडी, साप. आणि हातात टिकल्यांची पाकिटं, लाल, पिवळी, हिरवी. ज्याला जसा अनुभव तशी टिकली लावायची. वऱ्हाडी ठेचांचं प्रगतीपुस्तकच, फक्त बाजारच्या टिकल्यांवर. सिस्टरच्या चित्रावर सगळ्या हिरव्या पडल्या, ते बघून सिस्टर रडली. सापावर इतक्या लाल टिकल्या की साप दिसेना. पुरुषांनी लाजत लाजत लावल्या, एकानं चुकून स्वतःच्या बोटाला लावून घेतली नि तशीच घेऊन घरी गेला, पुढं काय झालं ते घरोघरी पसरलंय.

लोकसंख्याही मोजली, पाड्यांची यादी घेऊन. आदिवासी भागात वीस हजारांमागं एक प्राथमिक केंद्र आणि तीन हजारांमागं एक उपकेंद्र असा निकष आहे, ते मला याच निमित्तानं कळलं. आमची भरली साडेबावीस हजार. म्हणजे उपकेंद्रं सात हवीत, आहेत पाच, उघडी चार. पोरं एकदम शांत झाली. कालपर्यंत त्यांना ‘उपकेंद्र उघडा’ किरकोळ वाटत होतं.

आता फलकाचं. बायकांनी ठरवलं, ‘सापाच्या इंजेक्शनच्या दहा कुप्या, बारा महिने’. पोरांनीही मान्य केलं. तेवढ्यात एक आजी उठली. म्हणाली, ‘आमच्या पोरी दिवाळीनंतर द्राक्षाला जातात, दिंडोरीला, निफाडला. तिकडं चावला तर? तिथला दवाखाना म्हणेल का, तू इथली नाहीस?’ कुणाला उत्तर सुचेना. मग फलकावर तिनंच भर घालायला लावली. शेवटी असं झालं:

‘सापाच्या इंजेक्शनच्या दहा कुप्या, बारा महिने, प्रत्येक दवाखान्यात, कुणालाही.’

पोरं म्हणाली, हे आमच्याच वाक्यासारखं झालं की. आजी म्हणाली, तुमच्यात दहा कुठं होते?

सुनवाई झाली. आमदार आले नाहीत, टीएचओ आले. पावणेदोनशे माणसं. मागणीपत्रांच्या तारखा एका कॉलेजच्या पोरीनं वाचल्या, दुसरं काही वाचलं नाही. साहेबांनी तिथूनच जिल्ह्याला फोन लावला. चौथ्या दिवशी वीस कुप्या आल्या, मी स्वतः जाऊन मोजल्या. बंद उपकेंद्राचं उत्तर मिळालं, ‘पद रिक्त आहे, वरती कळवतो.’ वाढीव दोन उपकेंद्रांवर साहेब फक्त हसले.

सलाईन
त्या एमओला माझा नमस्कार सांगा. बदलीचा अर्ज टाकू नको म्हणावं, निदान या पावसाळ्यात.

करदाता
कुप्या मोजायला पुन्हा कधी जाणार? वीसपैकी किती उरल्या ते महिन्याला लिहीत जा इथं. मी वाचेन.

तारीखपेतारीख
‘वरती कळवतो’ हे इतिवृत्तात आलंय का? आलं असेल तर सहीशिक्क्याची प्रत घ्या. नसेल तर तुम्हीच पत्र लिहा, ‘आपण सुनवाईत असे सांगितले’ म्हणून, आणि पोच घ्या. मसुदा मी देतो.

ओहोळकाठ
इतिवृत्त अजून मिळालेलं नाही, ‘टायपिंगला आहे’ म्हणतात. मसुदा नक्की द्या. जिल्ह्याच्या कार्यालयात पुढच्या आठवड्यात जायचं ठरतंय, बहुतेक गुरुवारी, दोन गाड्या करून. नाशिकमधलं कुणी सोबत येईल का?

घरोघरी
मी येते. पण गुरुवार नको, लसीकरण असतं.